अर्ध्या तासाचे अध्यक्ष

"साडेतीन सांगा ना सगळ्यांना! तुमचं काय जातं?" कचोरीच्या पारीत सारण भरता भरता सुनंदाबाई म्हणाल्या. "चारची सभा, म्हणून साडेतीन सांगायचं. मग माणसं बरोबर चारला येतात. माझ्या माहेरी लग्नाचा मुहूर्त असाच सांगतात."

"हे लग्न नाहीये, सुनंदा."

"लग्न परवडलं. लग्नात नवरदेव तरी वेळेवर येतो."

प्रभाकरराव पोतनीसांनी टोपी गुडघ्यावर झटकली. टोपीला धूळ नव्हतीच. राग आला की ते टोपी झटकत. "नोटिशीत चार छापलंय. चार म्हणजे चार. जन्मभर मी लोकांच्या खोट्या नोंदी पकडल्या, आता मीच घरोघरी खोटी वेळ सांगत फिरू? मग दुकानदारात अन् माझ्यात फरक काय राहिला?"

"फरक एवढाच, की दुकानदाराचं दुकान उद्याही उघडं असेल."

हे बोलणं वर्मी लागलं. प्रभाकरराव टोपी डोक्यावर चढवून ओट्यावर जाऊन बसले. आत कढईत कचोऱ्या चुरचुरायला लागल्या.

तर भानगड अशी होती. सन छप्पन. मध्यभारत नावाचं राज्य चार दिवसांचं पाहुणं उरलं होतं. जन्मल्यापासून त्याचं अर्धं आयुष्य राजधानी ग्वाल्हेर की इंदूर ह्याच तंट्यात गेलं. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर, अन् मधात फायली आगगाडीत. आता दिवाळीच्या तोंडावर ते सगळंच्या सगळं नव्या मध्यप्रदेशात विरघळणार होतं आणि राजधानी तिसऱ्याच गावी, भोपाळला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं फावलं, ते असं.

राज्य गेलं की राज्याच्या नावावर उभी असलेली बारीकसारीक दुकानंही जातात. त्यातलंच एक होतं मध्यभारत हिशेब तपासनीस मंडळ. ह्या मंडळात दोन जातीचे सभासद. एक परीक्षावाले. हे नव्या कायद्याची परीक्षा पास होऊन आलेले, कोट-पाटलोणवाले, बहुतेक इंदूरचे. दुसरे सनदवाले. हे जुन्या संस्थानी अमदानीतले. कुणा बड्या तपासनिसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासायचं, मग दरबारच्या अधिकाऱ्यापुढे तोंडी परीक्षा द्यायची, आणि तो खूश झाला तर लाल मोहरेची सनद मिळायची. उज्जैन, शाजापूर, मंदसौर इकडे सगळे सनदवालेच. प्रभाकरराव त्यातले. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या खजिन्यावर पोतनीस होते. पणजोबा थैल्या मोजायचे, प्रभाकरराव थैल्या मोजणाऱ्यांना मोजायचे. एवढीच काय ती प्रगती.

मंडळाचे कार्यवाह होते इंदूरचे सुधाकर हिरवे. माणूस हुशार, बोलायला लोणी, पण लोण्यात केस. त्यांनी नव्या राज्यातल्या मंडळात विलीन व्हायच्या अटी लिहिल्या. त्यात एक बारकी ओळ घातली की परीक्षावाले पूर्ण सभासद होतील आणि सनदवाले 'सहयोगी' म्हणवले जातील. सहयोगीला मत नाही. सहयोगीचं नाव यादीत नाही, आणि भोपाळहून सोसायट्यांची, संस्थांची कामं वाटली जाणार ती यादीतल्यांनाच. उज्जैनच्या फ्रीगंज पेठेतल्या प्रभाकररावांच्या पाटीवर खालच्या ओळीत 'सभासद' असं होतं, ते पुसावं लागणार. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, सहयोगींना सभेची नोटीस पाठवण्याचं कारण नाही.

कामाचं ऐकून प्रभाकररावांना चिंता लागली. पाटीचं ऐकून राग आला. पण नोटीस येणार नाही म्हटल्यावर मात्र माणूस दोन दिवस नीट जेवला नाही.

ह्याचं कारण ऐकून लोक हसायचे. तुम्हीही हसाल.

मंडळाचा नियम असा होता की सभेला दहा माणसं जमली तर सभा सुरू. अर्ध्या तासात दहा नाही जमली तर सभा स्थगित. स्थगित म्हणजे घरी जायचं नाही. त्याच जागी लगेच ती पुन्हा भरवायची, आणि मग दहाची अट नाही, असतील तेवढे पुरे. एकदा हा नियम कळल्यावर कोण शहाणा वेळेवर येईल? वर्षभर दुसऱ्यांना 'तारीख उलटून गेली' म्हणून दरडावणारी ही माणसं स्वतः मात्र ठरवून अर्धा तास उशिरा यायची. चारची सभा म्हणजे साडेचारची. नोटीस छापणाऱ्यालाही ते माहीत, वाचणाऱ्यालाही माहीत. इंदूर-ग्वाल्हेरचं पटेना म्हणून सभा नेहमी उज्जैनला, फ्रीगंजातल्या एका धर्मशाळेच्या वरच्या दालनात व्हायची. तिथे साडेचारला जिना धडधडायचा, चहा यायचा, शेव यायची, मग सभा.

चारला यायचे एकटे प्रभाकरराव. दर वेळी.

यायचे, खुर्च्या सरळ करायचे, घड्याळाला किल्ली द्यायचे, अन् बसायचे. अर्धा तास झाला की 'गणसंख्येअभावी सभा स्थगित' अशी नोंद करायचे. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेतलं नाही. एकदा व्यासजी, म्हणजे देवासचे गोलमटोल सनदवाले, पानाची पिचकारी टाकायला जागा शोधत लवकर वर आले. बघतात तर प्रभाकरराव रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे, एक हात कोटाच्या गुंडीपाशी, आणि हळू आवाजात चाललंय, "सभासद बंधूंनो..."

त्या दिवसापासून नाव पडलं, अर्ध्या तासाचे अध्यक्ष. बँकेत गेले तरी, "आइये अध्यक्षजी, आधा घंटा बैठिये." रामघाटावर श्राद्धाला गेले तरी गुरुजी विचारायचे, "काय अध्यक्ष, आज वेळेवर?" प्रभाकरराव हसून सोडायचे. पण घरी आले की टोपी झटकायचे. बराच वेळ.

आता हिरव्यांचा बेत सरळ होता. दोन मोटारी भरून परीक्षावाले इंदूरहून येणार, जेवून-खाऊन, आरामात, साडेचारला. सनदवाले त्यांच्याहून दोन-चार कमीच. हात वर, ठराव पास, चहा, परत इंदूर.

पण चारला दहा माणसं जमली तर? मोटारी अजून वाटेतच, आणि सभा इकडे रीतसर सुरू. हे कुणाला सुचावं? ज्या माणसाने तो अर्धा तास जन्मभर आतून पाहिला होता, त्यालाच.

सनदवाले होते दहा. बरोबर दहा. प्रभाकरराव प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. प्रत्येकाने मान डोलावली. "हाँ हाँ पोतनीस साब, चार बजे," व्यासजी म्हणाले, आणि जांभई दिली. "वैसे चार बजे तो आदमी की नींद खुलती है." रामघाटाजवळ राहणारे म्हातारे अण्णा खोचे म्हणाले, "येतो रे. पण मी एकटाच वेळेवर येऊन काय करू? तुझ्यासारखा खुर्च्यांशी बोलत बसू?" हीच मेख होती. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे येणार नाहीत.

घरी येऊन प्रभाकरराव मटकन बसले. तेव्हा सुनंदाबाईंनी साडेतीनची युक्ती काढली. ती त्यांनी फेटाळली. मग ओट्यावरून उठून ते पुन्हा आत आले तर परातीत कचोऱ्यांचा डोंगर.

"हे कशाला?"

"तुम्हाला खोटं बोलायचं नाही ना? नका बोलू. माणसं साडेचारला का येतात, माहीत आहे? साडेचारला चहा येतो म्हणून. चहा आधी आणला की माणसं आधी. हा डोंगर सरावाचा, सभेच्या दिवशी ताज्या तळीन."

"मंडळाच्या नियमात अल्पोपाहार सभेनंतर आहे."

"हा मंडळाचा नाही. हा पोतनीसांच्या घरचा आहे. मी माझ्या हाताने कुणाला कचोरी खाऊ घातली तर तुमचा कोणता नियम मोडतो? सांगा, कोणतं कलम?"

प्रभाकररावांनी खरंच डोक्यात सगळी कलमं चाळली. एकही सापडलं नाही. कलम सापडलं नाही म्हणजे परवानगी आहे, असं मानणारा हा माणूस नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी मानलं. कचोऱ्यांचा निरोप शेजारच्या मीराबाईंनी गावात घरोघरी आणि बाहेरगावी बसवाल्यांच्या हाती पोचवला. निरोपात खोटं अक्षर नव्हतं: पोतनीसवहिनी सभेच्या जागी साडेतीनला गरम कचोरी देणार, संपली की संपली.

सभेच्या दिवशी धर्मशाळेच्या जिन्यावर मुंग्यांसारखी रांग लागली. ज्या व्यासजींची चारला झोप उघडायची, ते देवासहून पावणेचारच्या आत हजर. "भाभीजी, सुगंध तो देवास तक आ रही थी." अण्णा काठी टेकत आले, बगलेत पत्र्याची नळकांडी. नळकांडीत सनद.

"अण्णा, सनद कशाला आणलीत?" कुणीतरी विचारलं.

"आज मेली तर तिच्या उशाशी असावं म्हणून."

सुनंदाबाई आणि मीराबाई ताटं फिरवत होत्या. हशा, मचमच, चटणीचे ठिपके, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या धोतरावर. प्रभाकररावांच्या हातात बशी होती पण कचोरी तशीच. ते नजरेनेच माणसं मोजत होते. एकदा मोजली. पुन्हा मोजली. उलट्या बाजूने मोजली. वजाबाकी जन्मभर केलेल्या माणसाचं उत्तर चुकत नसतं. नऊ.

मंदसौरवाले नव्हते. तेवढ्यात धर्मशाळेचा चौकीदार तार घेऊन वर आला. मंदसौरवाल्यांच्या सुनेला कळा लागल्या होत्या. माफी असावी.

घड्याळात चार वाजले.

"चला, काय करायचं ते करा झटपट," अण्णा म्हणाले.

"करता येत नाही. नऊच आहेत."

दालनात एकदम कचोरी गिळल्याचेच आवाज उरले.

"नऊ अन् दहात काय मोठं!" एक शाजापूरवाले चिडले. "लिहून टाका दहा. मंदसौरवाला मनाने इथेच आहे."

"मनाची हजेरी लावायला हे कीर्तन नाहीये," प्रभाकरराव असे कडाडले की मीराबाईंच्या हातातली बशी वाजली. "आपण नेमके ह्याच गोष्टी पकडून पोट भरतो. न आलेल्या माणसाची हजेरी! उद्या हिरवे हाच एक आकडा धरून सगळ्यांना चोर ठरवतील. अन् बरोबर ठरवतील!"

व्यासजी हळूच उठले, "पान ले के आता हूँ," म्हणून खाली सटकले. अण्णांनी नळकांडी मांडीवर आडवी घेतली आणि डोळे मिटले. घड्याळाचा काटा हलला की आवाज यायचा. हा आवाज प्रभाकररावांच्या ओळखीचा होता, जुन्या शेजाऱ्याच्या खोकल्यासारखा. पण आजवर रिकाम्या खुर्च्यांत ऐकला होता. भरल्या खुर्च्यांत तो जास्त लागत होता.

सुनंदाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि त्यांना तिथे थांबवेना. उष्ट्या बशा गोळा करून त्या खाली चौकात आल्या.

चौकात निंबाखाली बाकावर एक बाई बसली होती. बाई कसली, मुलगीच. पांढरी सुती साडी, मांडीवर चामड्याची पिशवी, त्यावर छत्री. शाळामास्तरीण असावी अशी ताठ बसलेली.

"कुणाकडच्या तुम्ही?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"कुणाकडची नाही. इथे वर एक सभा होती म्हणे. पण पत्ता चुकलेला दिसतोय. वर कुणाचा तरी साखरपुडा चाललाय."

"साखरपुडा?"

"मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. बायका ताटं फिरवताहेत, माणसं कचोऱ्या खाताहेत, हसताहेत. हिशेब तपासनिसांची सभा अशी असते का कुठे?"

सुनंदाबाई दोन पावलं पुढे आल्या. "तुम्ही हिशेबवाल्या?"

"ह्याच वर्षी पास झाले. विनोदिनी लघाटे. इंदूरहून आले, बसने. नोटिशीत चार लिहिलंय, म्हणून चारच्या आधीच आले."

सुनंदाबाईंनी बशा जिथे होत्या तिथे, बाकावर, आपटल्या. मुलीचा हात धरला. "चला. साखरपुडा नाहीये तो. चला आधी. छत्री मी घेते."

इंदूरच्या मंडळींनी सगळी तयारी केली होती. मोटारी ठरवल्या, हात मोजले, भाषणं लिहिली. एकच गोष्ट राहिली. नव्या सभासदाला 'चार म्हणजे साडेचार' हे सांगायचं राहून गेलं. सांगणार कोण? मोटारीत तिला जागाच दिली नव्हती. दोन मोटारी भरून पुरुष, त्यात बाई कुठे कोंबणार, म्हणून 'तुम्ही बसने या' असा निरोप गेला होता. आणि ती बसने आली. वेळेवर. नोटीस वाचून. असा वेडेपणा मंडळात आजवर एकच माणूस करत होता.

वर सुनंदाबाई धापा टाकत म्हणाल्या, "ह्या सभासद आहेत. दहाव्या!"

सगळे उभे राहिले. एका शाजापूरवाल्याने तर हातातल्या कचोरीसकट नमस्कार केला. "बसा बाई, बसा. इथे सही करा," म्हणून तिघांनी एकदम टाक पुढे केला.

"थांबा," प्रभाकरराव म्हणाले.

सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना कळलं, आता हे काय करणार. पस्तीस वर्षांचा संसार होता.

"लघाटेबाई," प्रभाकरराव म्हणाले, "सही करायच्या आधी एक सांगतो. इथे आम्ही सगळे सनदवाले आहोत. तुम्ही सही केलीत की गणसंख्या पुरी होते. मग आम्ही असा ठराव करणार की नव्या राज्यात सनदवालेही तुमच्या बरोबरीने पूर्ण सभासद. तुमच्या इंदूरच्या मंडळींना हे नको आहे. ते साडेचारला येतील. तुम्ही आत्ता खाली जाऊन बसलात तर आमची सभा होत नाही. तुम्हाला माहीत नसताना सही घेणं बरोबर नाही, म्हणून सांगितलं."

"अरे काय माणूस आहे!" अण्णा ओरडले. "जन्मात एकदा देव दारात आला, अन् हा त्याला म्हणतो, पायपुसणं तिकडे आहे!"

विनोदिनी लघाट्यांनी पिशवी काखेत सावरली. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. चटणी लागलेल्या मिशा, नळकांडी, फाटक्या बाह्या. मग प्रभाकररावांकडे.

"मला तुमचं म्हणणं पटत नाही," त्या म्हणाल्या. "मी दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. घरात लग्नाची बोलणी चालली असताना दाराला आतून कडी लावून अभ्यास केला. आणि तुम्ही तोंडी परीक्षेवर माझ्या बरोबरीने बसणार?"

"बरोबर आहे तुमचं," प्रभाकरराव हळू म्हणाले. दालनात कुणीतरी हुंदका दिल्यासारखा उसासा टाकला.

"मी ठरावाच्या विरोधात मत देणार."

"तो तुमचा हक्क आहे."

"पण मी चारला हजर होते," त्या म्हणाल्या. "खालच्या बाकावर होते. म्हणजे हजर होते. आता मी जाऊन बसले, आणि साडेचारला आले असं दाखवलं, तर ती खोटी नोंद झाली. खोटी नोंद करायला मी परीक्षा नाही दिली." त्यांनी टाक घेतला आणि सही केली. ठसठशीत, रेघेवर. "मत विरोधात. हजेरी खरी."

"व्वा!" अण्णांनी काठी आपटली. "पोतनीस, ही तुझीच मुलगी शोभते!"

"सुरू करा!" सगळे ओरडले.

प्रभाकररावांनी सवयीने माणसं मोजली, आणि त्यांचा चेहरा पडला. "नऊ."

"आता कोण गेलं?"

"व्यासजी! पान!"

मग जे झालं ते फ्रीगंजने बरेच दिवस सांगितलं. सुनंदाबाई, ज्या बाजारात डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, त्या दालनाच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि अशा गरजल्या, की पानवाल्याच्या हातातला कात सांडला. "ओ व्यासजी! पान थूको और ऊपर आओ! नहीं तो कल से आप सहयोगी!"

व्यासजी आले. एवढा मोठा देह त्या जिन्यावरून इतक्या चपळाईने चढताना कुणी पाहिला नव्हता. पान थुंकलं नव्हतं. बोलता येत नव्हतं. दोन्ही हात वर करूनच आत आले.

दहा.

मंडळाचे अध्यक्ष ग्वाल्हेरला आजारी. तेव्हा हजर सभासदांनी आपल्यातून एक अध्यक्ष नेमावा, असा नियम होता. अण्णांनी तोंड उघडायच्या आत सगळ्यांनी बोट एकाच माणसाकडे केलं. विनोदिनीबाईंनीही.

प्रभाकरराव मोठ्या खुर्चीपाशी गेले. ती त्यांनी किती वेळा पुसली होती, बसले कधीच नव्हते. एक हात कोटाच्या गुंडीपाशी गेला. घसा खाकरला.

"सभासद बंधूंनो," ते म्हणाले. मग विनोदिनीबाईंकडे पाहून थांबले. "आणि भगिनी."

समोरच्या खुर्च्यांतून ह्या वेळी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

ठराव त्यांनी वाचला. एकाच दमात. मध्यभारत मंडळाचा प्रत्येक सभासद, परीक्षेचा असो वा सनदेचा, नव्या मंडळात पूर्ण सभासद राहील. हे मान्य नसेल तर विलीनीकरणाला संमती नाही. अण्णांनी मांडला. व्यासजींनी मान हलवून अनुमोदन दिलं, पान अजून तोंडातच होतं. खाली मोटारीचा भोंगा वाजला. एक. मग दुसरी. दारं आपटल्याचे आवाज, हिरव्यांचं मोकळं हसू, "चला, वर चहा असेल..."

"ठरावाच्या बाजूने?"

हात वर गेले. अण्णांनी हाताबरोबर नळकांडीही वर केली.

"विरोधात?"

एक हात. पांढऱ्या बाहीचा, सरळ.

"ठराव मंजूर," प्रभाकरराव म्हणाले. "सभा समाप्त."

आणि दार उघडलं.

सुधाकर हिरवे दारात उभे. मागे जिन्याभर कोट. त्यांनी बघितलं, मोठ्या खुर्चीत पोतनीस. बघितलं, सगळे उभे, हसत. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"हे काय चाललंय?"

"चालू नाही, संपलं," अण्णा म्हणाले.

"सभा? साडेचार कुठे वाजलेत अजून?"

"नोटिशीत चार आहे, हिरवेसाहेब," प्रभाकरराव म्हणाले. "सही तुमची आहे."

"पोतनीस, ही लबाडी आहे! सगळं जग जाणतं की चार म्हणजे..." हिरवे थांबले. पुढचं वाक्य तोंडातून काढणं त्यांच्याच्याने होईना. वर्षानुवर्षं नोटिशीवर आपण खोटी वेळ छापतो, हे भरल्या सभेत कार्यवाहाने कसं म्हणायचं? त्यांची नजर विनोदिनीबाईंवर पडली आणि ते दुसऱ्या बाजूने भडकले. "लघाटेबाई! तुम्ही? तुम्ही ह्यांच्यात कशा?"

"तुमची नोटीस वाचून आले."

"कुणी सांगितलं नाही तुम्हाला, की..."

"कोण सांगणार? मोटारीत जागा नव्हती ना."

जिन्यावरच्या कोटांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"म्हणजे तुम्ही ह्यांना मत दिलंत?"

"नाही. विरोधात दिलं. तिथे लिहिलंय, बघा. तुमच्या बाजूचं आज एकच मत पडलं, ते माझं."

हिरव्यांनी खुर्चीचा आधार घेतला. मग सवयीने टेबलाकडे बघितलं, चहा कुठे आहे म्हणून.

"कचोरी गार झाली आहे, पण आहे," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि खरंच ताट पुढे केलं, पाहुण्याचा मान म्हणून. "चहा मात्र संपला. आमच्याकडे चहा वेळेवर असतो."

हिरव्यांनी कचोरी घेतली. दुसरं करणार काय? खाल्ली, आणि दोन्ही मोटारी आल्या वाटेने इंदूरला गेल्या. एका मोटारीत पुढची जागा रिकामी ठेवली होती, लघाटेबाईंसाठी. त्या म्हणाल्या, "माझं परतीचं तिकीट काढलंय." सुनंदाबाईंनी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडलं, आणि उरलेल्या कचोऱ्या बांधून दिल्या. "मत विरोधात दिलं म्हणून काय, कचोरी विरोधात थोडीच आहे?"

इकडे सनदवाल्यांनी प्रभाकररावांना टांग्यात बसवलं. घर मागच्याच गल्लीत, पण टांगा फ्रीगंजभर फिरवला. व्यासजींनी एकदाचं पान थुंकलं आणि भर रस्त्यात घसा फोडून ओरडले, "बोलो, आधे घंटे के अध्यक्ष की..." आणि आठ माणसं, एक टांगेवाला आणि निम्मं फ्रीगंज ओरडलं, "जय!" प्रभाकरराव मान खाली घालून बसले होते. टोपी हातात होती. झटकत नव्हते, नुसती धरली होती.

भोपाळवाल्यांनी थोडी कुरकुर केली आणि अट मानली. दिवाळीला मध्यभारत संपलं. फ्रीगंजातल्या पाटीवर वरची ओळ बदलली, खालची तशीच राहिली.

उन्हाळ्याच्या तोंडावर नोटीस आली. भोपाळ, नव्या मंडळाची पहिली सभा, वेळ दुपारी चार. प्रभाकररावांनी ती सुनंदाबाईंना दोनदा वाचून दाखवली. मग सकाळच्याच गाडीने निघाले. गाडी वाटेत कुठेतरी रुसून उभी राहिली, तरी ते चारच्या जरा आधी दालनाच्या दारात पोचले. घाम पुसला. आत जाऊन खुर्च्या सरळ कराव्यात, घड्याळाला किल्ली आहे का बघावं, अशा बेताने त्यांनी दार लोटलं.

आत मुंगीला जागा नव्हती.

जबलपूर, रायपूर, ग्वाल्हेर, इंदूर, सगळे येऊन बसले होते. उज्जैनची गोष्ट सगळीकडे पोचली होती. ह्यापुढे चारला कुणी उशीर करायची हिंमत करणार नव्हतं. पहिल्या रांगेत हिरवे, हातात घड्याळ. एकाने प्रभाकररावांना ओळखलं, त्याने शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, आणि बघता बघता अर्धं दालन मागे वळून बघायला लागलं.

प्रभाकरराव दारातच उभे राहिले. एवढ्या वर्षांत सभेच्या जागी येऊन बसायला खुर्ची शोधायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. खुर्च्या सगळ्या त्यांच्याच असायच्या. घड्याळाचा आवाज ऐकू येतो का म्हणून त्यांनी कान दिला. माणसांच्या गलक्यात तो येत नव्हता.

मधल्या रांगेत कुणीतरी हात वर केला. पांढऱ्या बाहीचा, सरळ. शेजारच्या खुर्चीवर एक छत्री आडवी ठेवली होती. विनोदिनी लघाट्यांनी ती उचलून मांडीवर घेतली.

प्रभाकरराव रांगेतून वाट काढत, गुडघे चुकवत, "माफ करा, माफ करा" म्हणत गेले, आणि बसले.

चार वाजले. सभा सुरू झाली.